विश्लेषण : दिव्यांच्या उजेडात तंबाखू कशासाठी वाढवतात?

कॅनडाच्या आरोग्य खात्याने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी करोनावरील ‘कोविफेंझ’ या लशीला मान्यता दिली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातील पहिली वनस्पतीजन्य लस होती. तिच्यातील मुख्य घटक तयार झाला होता तंबाखूच्या एका जातभाईच्या हिरव्या पानांत. जगभरात दरवर्षी ७० लाखांहून अधिक बळी घेणारी ही वनस्पती औषधनिर्मितीच्या कामी कशी आली, ती शेताऐवजी बंद जागेत दिव्यांखाली का वाढवतात आणि इतके जमूनही ही लस बाजारात का पोहोचली नाही, याविषयी...

ही तंबाखू कोणती?

विडी, सिगारेट, जर्दा यांसाठी पिकवली जाणारी तंबाखू म्हणजे ‘निकोशियाना टबॅकम’. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. औषधनिर्मितीत मात्र बहुतेक ठिकाणी तिचीच बहीण शोभेल अशी ‘निकोशियाना बेंथामियाना’ वापरतात. ही मूळची उत्तर ऑस्ट्रेलियाची. रोप बुटके, पाने मऊ, वाढ झपाट्याने होणारी.

या रोपाचे वैशिष्ट्य त्याच्या दुबळेपणात आहे. विषाणूंशी लढण्यासाठी वनस्पतींकडे जी यंत्रणा असते, तिच्यातील एक महत्त्वाचे जनुक प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या बेंथामियानामध्ये निकामी आहे. त्यामुळे बाहेरून आत सोडलेला जनुकीय संदेश हे रोप फारसा विरोध न करता स्वीकारते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही खोट, पण शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हाच गुण.

तंबाखू प्रयोगशाळेत येण्याची परंपराही जुनी आहे. विषाणू नावाचे काही असते, हे मुळात कळले तंबाखूच्या पानांवरील केवडा रोगाच्या अभ्यासातून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९८३ मध्ये जनुकीय बदल घडवलेल्या पहिल्या वनस्पतींतही तंबाखू होती. १९८९ मध्ये तंबाखूच्या रोपात प्रतिपिंड तयार करून दाखवण्यात आले. प्राण्यांवरील प्रयोगात उंदराचे जे स्थान, तेच वनस्पतिशास्त्रात तंबाखूचे.

तंबाखू आणि प्रकाशाचे नाते कसे उलगडले?

१९०६ च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात तंबाखूच्या शेतात काही वेगळीच झाडे आढळली. उन्हाळाभर ती वाढतच राहत आणि माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर जात, पण त्यांना फुले येत नसत. पाने भरपूर मिळत असल्याने शेतकरी खूश होते. मात्र फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक नाही. या वाणाला ‘मेरीलँड मॅमथ’ असे नाव पडले. गंमत अशी, की हेच वाण हिवाळ्यात हरितगृहात लावले, की रोपे लहान असतानाच फुलत.

अमेरिकी कृषी खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड या शास्त्रज्ञांनी तापमान, खत, ओलावा अशी कारणे तपासली, पण कोड्याचे उत्तर मिळेना. १० जुलै १९१८ रोजी दुपारी चार वाजता त्यांनी मॅमथ तंबाखूच्या तीन कुंड्या आणि सोयाबीनची एक पेटी एका अंधाऱ्या खोपटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर काढली. हा क्रम रोज चालू ठेवला. भर उन्हाळ्यात ‘दिवस लहान’ केलेली ही रोपे फुलली, बाहेरची तशीच वाढत राहिली. उलट, हिवाळ्यात हरितगृहात साधे विजेचे दिवे लावून दिवस लांबवला, तेव्हा मॅमथचे फुलणे थांबले.

या दोघांनी १९२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडे दिवसाची लांबी ओळखतात, या गुणधर्माला मराठीत ‘दीप्तिकालिता’ म्हणतात. पुढे १९३८ मध्ये स्पष्ट झाले की झाड खरे तर सलग रात्रीची लांबी मोजते. १९५२ मध्ये लाल आणि अतिलाल प्रकाशाने चालू-बंद होणाऱ्या कळीचा पुरावा मिळाला. त्या कळीला आज ‘फायटोक्रोम’ म्हणतात. शेवंतीची फुले लांबवण्यासाठी फूलशेतीत रात्री दिवे लावतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

यातून एक मोलाचा धडा मिळाला. वनस्पतीसाठी प्रकाश हे अन्नही आहे आणि घड्याळही. घड्याळ फिरवायला मिणमिणता दिवाही पुरतो. पोट भरायला मात्र पुष्कळ प्रकाश लागतो. बंद खोलीतील शेतीचे सगळे अर्थकारण या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

खोलीत दिवे किती आणि कसले लागतात?

तंबाखूचे बी मोहरीच्याही कितीतरी पट बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे बसतात. ते मातीत खोल पुरत नाहीत, कारण उगवायला त्याला उजेडाची मदत होते. ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरतात. रोपे हाताळण्याजोगी झाली, की वेगळ्या कुंड्यांत किंवा ट्रेमध्ये जातात. खोलीचे तापमान साधारण २२ ते २५ अंश सेल्सियस आणि १६ तास उजेड, ८ तास अंधार, असे वेळापत्रक बहुतेक प्रयोगशाळांत असते.

पूर्वी ट्यूबलाइट किंवा सोडियमचे दिवे वापरत. ते तापत, त्यामुळे रोपांपासून दूर टांगावे लागत आणि जागा वाया जाई. एलईडी आल्यावर हे चित्र बदलले. ते कमी तापतात, म्हणून रोपांच्या जवळ लावता येतात आणि मांडण्या एकावर एक रचता येतात. झाडाला हवा तो रंगही निवडता येतो. लाल आणि निळा प्रकाश हरितद्रव्य सर्वाधिक शोषते. निळा प्रकाश रोप आटोपशीर ठेवतो, तर अतिलाल प्रकाश जास्त झाला की ते उंच आणि लुकडे होते. हिरवा प्रकाश निरुपयोगी, हा समज मात्र चुकीचा आहे. तो पानांच्या आतल्या थरांपर्यंत आणि खालच्या पानांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच आता पांढऱ्या दिव्यांचाही वापर बराच होतो.

टेक्सासमधील ब्रायन येथे ‘कॅलिबर बायोथेरप्युटिक्स’ या कंपनीने उभारलेले केंद्र २०१३ मध्ये गाजले ते याच कारणाने. तेथे तंबाखूच्या जातीची सुमारे २२ लाख रोपे ५० फूट उंचीपर्यंतच्या थरांत, लाल-निळ्या दिव्यांच्या गुलाबी उजेडात वाढत होती.

मग विडी-सिगारेटची तंबाखू अशीच का पिकवत नाहीत?

कारण विजेचे बिल. ढोबळ हिशेब असा : भर उन्हाळ्याच्या दिवशी मोकळ्या शेताला जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या निम्माच एका चौरस मीटरला दिव्यांनी द्यायचा ठरवला, तर उत्तम दर्जाच्या एलईडीलाही रोज जवळपास १.८५ युनिट वीज लागते. शंभर दिवसांत १८५ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १,६५० रुपयांहून अधिक. दिव्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठी लागणारे वातानुकूलन वेगळेच.

आता उत्पन्न पाहू. हेक्टरी दोन टन वाळलेले पान धरले, तर एका चौरस मीटरमधून निघते २०० ग्रॅम. किलोला ३०० रुपये भाव मिळाला तरी हाती येतात ६० रुपये. सूर्य जे फुकट देतो, ते विकत घेऊन तंबाखू पिकवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. शिवाय पान खुडले म्हणजे काम संपत नाही. सिगारेटची तंबाखू भट्टीत, तर विडीची उन्हात वाळवावी लागते. भारतात व्हर्जिनिया तंबाखू पिकवायची, तर १९७५ च्या कायद्यानुसार तंबाखू मंडळाकडे नोंदणीही सक्तीची आहे.

औषधाच्या बाबतीत हा हिशेब उलटतो. तेथे रोपे पाच-सहा आठवडेच ठेवायची असतात, मध्यम उजेड पुरतो आणि पानाची किंमत किलोवर नव्हे, तर त्यातील मिलिग्रॅमभर प्रथिनावर ठरते.

पानातून औषध कसे निघते?

रोप चार ते सहा आठवड्यांचे झाले आणि अजून फुलावर आलेले नसले, की खरी प्रक्रिया सुरू होते. ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम’ हा मातीतील जिवाणू निसर्गतः स्वतःचे जनुक वनस्पतीच्या पेशीत सोडतो. शास्त्रज्ञ त्याच्याकडे हवे ते जनुक सोपवतात, उदाहरणार्थ एखाद्या विषाणूच्या बाह्य प्रथिनाचे.

ट्रेमधील रोपे उलटी करून पाने या जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात. मग निर्वात पंपाने पानांतील हवा खेचून घेतात. दाब पूर्ववत होताच हवेच्या जागी द्रावण पानात शिरते. रोपे पुन्हा दिव्यांखाली ठेवली जातात. पुढचे पाच ते सात दिवस पानांतील पेशी परक्या जनुकाचा हुकूम मानून ते प्रथिन बनवत राहतात. त्यानंतर पाने कापून, भरडून, रस गाळून त्यातून प्रथिन वेगळे काढले जाते. पानातील निकोटिन आणि इतर द्रव्ये याच टप्प्यावर काढून टाकावी लागतात.

वेग ही या पद्धतीची जमेची बाजू. नव्या विषाणूचा जनुकीय क्रम हाती आल्यापासून काही आठवड्यांत पहिला नमुना तयार होऊ शकतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका प्रकल्पात ‘मेडिकागो’ कंपनीने २०१२ मध्ये एका महिन्यात स्वाइन फ्लूच्या लशीच्या एक कोटीहून अधिक मात्रा तयार करून दाखवल्या होत्या.

बंद जागेचाच आग्रह का?

पहिले कारण सुरक्षेचे. २००२ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्कात, औषधासाठी जनुकीय बदल केलेल्या मक्याची आदल्या हंगामातील रोपे सोयाबीनच्या शेतात उगवली आणि त्यांचे अंश कापणी केलेल्या सोयाबीनमध्ये मिसळले. सुमारे पाच लाख बुशेल सोयाबीन नष्ट करावे लागले आणि ‘प्रोडिजीन’ या कंपनीला दंड भरावा लागला. औषधी पीक अन्नात मिसळण्याची भीती त्यानंतर अधिकच गांभीर्याने घेतली जाऊ लागली. तंबाखू कुणी जेवणात खात नाही, ही येथे तिची मोठी पात्रता ठरते. बंद खोलीत तर बी, पराग आणि जिवाणू बाहेर पडण्याची शक्यता आणखी कमी होते.

दुसरे कारण सातत्याचे. औषधाची प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच असावी लागते. शेतात ऊन, पाऊस, कीड यांवर कुणाचा ताबा नसतो. खोलीत जानेवारीचे रोप आणि जुलैचे रोप सारखेच निघते. विजेच्या बिलातून कंपनी प्रत्यक्षात हा सारखेपणा विकत घेत असते.

आतापर्यंत हाती काय लागले?

सर्वाधिक गाजले ते २०१४ मधील ‘झीमॅप’. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली असताना तीन प्रतिपिंडांचे हे मिश्रण अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओवेन्सबरो येथे बेंथामियानाच्या पानांत तयार होत होते. ते काही मोजक्या रुग्णांना देण्यात आले आणि ऑगस्टमध्येच साठा संपला.

तो का संपला, हे आकड्यांतून कळते. झीमॅपची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम होती, तीही तीन वेळा. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ ग्रॅम औषध. एक किलो हिरव्या पानांतून प्रतिपिंडे मिळतात साधारण अर्धा ते एक ग्रॅम, आणि शुद्धीकरणात त्यातही घट होते. एकाच रुग्णासाठी दहा-वीस किलो पाने लागणार असतील, तर साथीला पुरवठा करणे अवघडच.

नंतरच्या चाचणीत झीमॅप घेतलेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण २२ टक्के, तर न घेतलेल्यांमध्ये ३७ टक्के आढळले. पण रुग्णांची संख्या अवघी सत्तरच्या आसपास असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. पुढे काँगोतील मोठ्या चाचणीत अन्य दोन औषधे त्याहून सरस ठरली.

लशीचे गणित याच्या अगदी उलट आहे. कोविफेंझच्या एका मात्रेत फक्त ३.७५ मायक्रोग्रॅम मुख्य घटक होता. एका ग्रॅममध्ये अडीच लाखांहून अधिक मात्रा बसतात. सुमारे २४ हजार जणांवरील चाचणीत ती लक्षणे असलेल्या करोनाविरुद्ध ६९.५ टक्के परिणामकारक आढळली.

मग गाडी कुठे अडली?

कोविफेंझ बनवणारी मेडिकागो ही कॅनडातील क्युबेक शहराची कंपनी. तिच्यात जपानच्या मित्सुबिशी समूहाबरोबरच सिगारेट बनवणाऱ्या ‘फिलिप मॉरिस इंटरनॅशनल’चाही पैसा होता. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच मुद्द्यावर बोट ठेवले. तंबाखू उद्योगाशी संबंध असल्याने या लशीला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले जाण्याची शक्यता नाही, असे संघटनेने स्पष्ट केले. त्या यादीत नाव नसेल, तर गरीब देशांना लस पुरवणाऱ्या तेव्हाच्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची दारे बंद होत.

यामागे २००५ पासून अमलात असलेला तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारतानेही तो २००४ मध्येच स्वीकारला. आरोग्य धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवावीत, असे या कराराचे कलम ५.३ सांगते. एका हाताने सिगारेट विकायची आणि दुसऱ्या हाताने लस देऊन प्रतिष्ठा मिळवायची, ही वाट उद्योगाला मोकळी करून देऊ नये, हा त्यामागचा विचार. दुसरी बाजू अशी, की साथ चालू असताना चाचणीत उतरलेली लस तिच्या एका भागधारकामुळे अडवावी का? आक्षेप रोपाला नव्हता, पैशाच्या उगमाला होता, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते. हे एकच उदाहरण नव्हे. झीमॅप बनवणारी केंटकीतील कंपनीही २०१४ च्या सुरुवातीला रेनॉल्ड्स अमेरिकन या सिगारेट कंपनीने विकत घेतली होती.

मेडिकागोतून फिलिप मॉरिस नंतर बाहेर पडली, पण तोवर उशीर झाला होता. करोना लशींची मागणी घसरली होती आणि उत्पादन मोठ्या प्रमाणावर नेणेही जड जात होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मित्सुबिशी समूहाने मेडिकागो बंद करण्याची घोषणा केली. कॅनडा सरकारने त्या कंपनीसाठी १७.३ कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर केले होते. टेक्सासमधील ते गुलाबी उजेडाचे केंद्र पुढे ‘आयबायो’ कंपनीकडे गेले. त्या कंपनीनेही २०२२ च्या अखेरीस वनस्पतींपासून औषधे बनवण्याचा व्यवसाय आवरता घेण्याचे ठरवले.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

एक संबंध आधीपासूनच आहे, तो फारसा ठाऊक नाही इतकेच. १९६२ मध्ये अमेरिकेत तोशियो मुराशिगे आणि फोल्क स्कूग यांनी तंबाखूच्या ऊती काचेच्या भांड्यात, खोलीतील उजेडात वाढवण्यासाठी क्षारांचे एक नेमके मिश्रण तयार केले. त्यांच्या आडनावांवरून ते ‘एमएस माध्यम’ म्हणून ओळखले जाते. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांत आजही जगभर तेच मिश्रण किंवा त्याचे बदललेले रूप वापरतात. जळगावच्या केळीबागांत जाणारी टिश्यू कल्चरची रोपेही त्याच तंत्राची देणगी आहेत.

दुसरा प्रश्न शेतकऱ्यांचा. निपाणी आणि कोल्हापूर-सांगलीचा काही भाग विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले. प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण २०१६-१७ च्या पाहणीत देशात २८.६ टक्के आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के होते. ते घटावे हे सरकारचे धोरणच आहे. मग ‘औषधी तंबाखू’ हा या शेतकऱ्यांसाठी पर्याय होईल का?

प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. लशीच्या अडीच लाख मात्रांना एक ग्रॅम प्रथिन पुरत असेल, तर त्यासाठी शिवारे लागत नाहीत. एखाद्या इमारतीतील मांडण्या पुरतात. तेथे काम करतात तंत्रज्ञ, शेतमजूर नव्हेत. जातही वेगळी आणि नियमही वेगळे. भारतात जनुकीय बदल केलेल्या सजीवांचा असा वापर १९८९ च्या नियमांखाली येतो. तंबाखूच्या पानातील सोलॅनेसॉल किंवा बियांचे तेल यांसारखे उपयोग शेतातील पिकाच्या जास्त जवळचे आहेत. पण त्यांची बाजारपेठ विडी-सिगारेटची जागा घेण्याएवढी नाही.

पुढे काय?

वनस्पतींत औषध तयार करण्याची कल्पना मेडिकागोबरोबर संपलेली नाही. गाजराच्या पेशींत तयार केलेले, गोशे या दुर्मीळ विकारावरील औषध अमेरिकेत २०१२ पासून मंजूर आहे. थायलंडमधील ‘बैया फायटोफार्म’नेही बेंथामियानाच्या पानांत करोनाची लस विकसित करून ती मानवी चाचण्यांपर्यंत नेली.

मात्र गेल्या दशकाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. थोडक्या मात्रेत काम करणाऱ्या लशींसाठी दिव्यांखालची तंबाखू परवडू शकते, ग्रॅमच्या हिशेबात लागणाऱ्या औषधांसाठी ती कमी पडते. रोज काम नसेल तर साथीची वाट पाहत उभी असलेली इमारत आणि तिचे वीजबिल एकट्या खासगी कंपनीला पेलत नाही. आणि पैसा सिगारेटच्या नफ्यातून आला, तर उत्तम विज्ञानालाही आरोग्य यंत्रणेचे दार उघडेलच असे नाही. साथ नसतानाही अशी केंद्रे सार्वजनिक पैशातून सुरू ठेवायची का, हे सरकारांना ठरवावे लागेल, आणि तो निर्णय पुढची साथ येण्याआधी घ्यावा लागेल.